अल्बम उसवून ऐकताना: एकाच रॅपरला वेगवेगळे प्रोड्युसर कसे घडवतात

रविवारी रात्री आमच्या गच्चीवर सात-आठ पोरं जमतात. सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागची गल्ली, खाली चादरींचे माग. माग थांबल्याशिवाय आम्ही स्पीकर लावत नाही, कारण मागाचा खटका चालू असला की प्रत्येक गाण्यात एक जादा हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) ऐकू येते. तिथेच एकदा वाद पेटला. एकाने फ्रेडी गिब्स या अमेरिकन रॅपरचा एक अल्बम लावला, दुसऱ्याने त्याचाच दुसरा. "ह्यातली बीट भारी आहे बे," पहिला म्हणाला. "भारी म्हंजे काय, सांग की!" दुसऱ्याने विचारलं. कुणालाच सांगता येईना. आवाज तोच, शब्द टाकायची ढब तीच. मग एका अल्बममधला माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बोलतोय आणि दुसऱ्यातला आरामखुर्चीत रेलून, असं का वाटतं?

त्या रात्री आम्ही एक शंभर पानी वही घातली. तेव्हापासून चुकत-माकत जी पद्धत बसली, ती इथे मांडतोय. ज्यांना रॅप नुसतं वाजवायचं नाही, समजून ऐकायचं आहे, आणि उद्या स्वतःचा अल्बम करायचा आहे, त्यांच्यासाठी.

प्रोड्युसर म्हणजे कोण

सिनेमात प्रोड्युसर म्हणजे पैसा लावणारा. हिप-हॉपमध्ये तो संगीतकार असतो, संयोजक असतो आणि बऱ्याचदा रॅपरचा पहिला श्रोताही तोच असतो. बीटमेकर त्याहून वेगळा. तो बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवतो, पाठवतो, त्याचं काम संपतं. प्रोड्युसर खोलीत बसून सांगतो की ही ओळ पुन्हा घे, हा हुक (पुन्हा पुन्हा येणारं धृपद) काढ, इथे श्वास सोड.

आपल्याकडे हे नातं नवीन नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. झील कधी उचलायची, किती वेळ धरायची, यावर शाहिराची पुढची ओळ कशी पडणार ते ठरतं. लावणीतला ढोलकीवाला कुठे थांबतो यावर गाणारणीचा शब्द उठतो. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. आपल्या मातीतल्या पोरांना हे वेगळं शिकवावं लागू नये. शाहीर ऐकताना आपण ढोलकी वेगळी काढून तिला गुण देत नाही. ढोलकीमुळे गळ्याचं काय झालं ते ऐकतो. प्रोड्युसरही तसाच, रॅपरच्या गळ्यात ऐकायचा. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

पहिली पायरी: आवाज एकच ठेवा

नवीन पोरं केंड्रिकचा अल्बम घेतात, ड्रेकचा घेतात आणि प्रोड्युसरची तुलना करायला बसतात. ती तुलना दोन रॅपरची होते. सूत बदललं आणि नक्षीही बदलली, तर फरक कशाचा ते कळणार कसं? म्हणून आवाज तोच राहील अशी जोडी निवडा. आमच्या वहीत सर्वात उपयोगी पडलेल्या जोड्या अशा.

न्यूयॉर्कच्या नाझ या रॅपरचा 'इल्मॅटिक' (१९९४): एकाच अल्बमवर पाच प्रोड्युसर, जेमतेम ४० मिनिटं. त्याच नाझने २०१८ मध्ये कान्ये वेस्टबरोबर 'नासिर' केला आणि २०२० ते २०२३ या काळात हिट-बॉय या एकाच प्रोड्युसरबरोबर सहा अल्बम काढले. फ्रेडी गिब्सचे मॅडलिबबरोबरचे 'पिन्याटा' (२०१४) आणि 'बंडाना' (२०१९), आणि दि अल्केमिस्टबरोबरचा 'अल्फ्रेडो' (२०२०). आपल्याकडचं पाहायचं तर दिल्लीच्या सीधे मौत या रॅपर जोडीचे प्रोड्युसर सेझ ऑन द बीटबरोबरचे 'बयान' (२०१८) आणि 'नायाब' (२०२२), आणि त्यांच्यासमोर अनेक प्रोड्युसर असलेला ३० गाण्यांचा 'लंच ब्रेक' (२०२३).

सुरुवात 'इल्मॅटिक'पासूनच करा. एकाच माणसाने, एकाच वयात, एकाच मोहल्ल्याबद्दल केलेली गाणी आहेत. इतकी स्वच्छ प्रयोगशाळा दुसरी मला सापडलेली नाही.

दुसरी पायरी: श्रेयनामावली वाचा, मगच ऐका

स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांत श्रेय दिसतं. तिथे प्रोड्युसर कोण, लेखक कोण, हे वहीत उतरवून घ्या. लेखकांच्या यादीत अनोळखी जुनी नावं दिसली तर समजा की बहुतेक सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून कापून घेतलेला तुकडा, आहे; मूळ संगीतकाराला तिथे जागा मिळालेली असते. 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर' या शब्दाला मात्र लगेच भुलू नका. कधी तो अख्ख्या अल्बमची दिशा ठरवणारा असतो, कधी नुसतं मोठं नाव.

तिसरी पायरी: एक गाणं, तीन वेळा

इथे घाई करू नका, ही पायरी सगळ्यात मोलाची आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकायचं नाही. ८०८ या ड्रम मशीनचा खोल बेस ४०-५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही, म्हणजे प्रोड्युसरचं निम्मं काम तुम्हाला ऐकूच येत नाही. वायरचे साधे इयरफोन चालतील.

पहिल्या वेळी फक्त ताल. किक (खालचा जाड ठोका) कुठे पडते, स्नेअर (वरचा कडक ठोका) किती कोरडा आहे, ठोके घड्याळासारखे नेमके आहेत की जरा मागे रेंगाळतात? जे डिला या डेट्रॉइटच्या प्रोड्युसरने मशीनचे ठोके असे हाताने सैल ठेवले की पुढची पिढी त्याच्या मागे गेली. त्याचं बीट बनवायचं एमपीसी मशीन आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. हा सैलपणा काय असतो ते कळत नसेल तर गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत हलगी ऐका. चांगला हलगीवाला ठोका किंचित उशिरा टाकतो आणि त्या उशिरातच आपला पाय हलतो. गणपतीतल्या लेझीमचं उलट आहे. शंभर पोरं एकत्र हलायची तर ठोका नेमकाच पडावा लागतो. रॅपच्या बीटमध्येही हे दोन स्वभाव असतात, आणि कुठल्या स्वभावावर रॅपर खुलतो ते टिपायचं.

दुसऱ्या वेळी फक्त आवाज. अर्थ सोडून द्या, इंग्रजी कळत नसेल तर उलट बरंच. आवाज वर चढलाय की छातीतून येतोय? ओळी ठोक्याच्या पुढे पळतात की मागे टेकून येतात? श्वास ऐकू येतो का?

तिसऱ्या वेळी मोकळी जागा. कुठे वाद्यं काढून घेतली, कुठल्या ओळीला सगळं थांबलं, हुकमध्ये रॅपर आहे की दुसराच कुणी. बहुतेक जण इथे चुकतात, कारण काय वाजतंय ते ऐकायची कानाला सवय असते, काय वाजत नाही ते ऐकायची नसते.

आता आमच्या वहीतली नोंदच सांगतो. 'एन.वाय. स्टेट ऑफ माइंड' हे गाणं डीजे प्रीमियरचं. पियानोचे खालच्या पट्टीतले थोडेसे सूर जो चेंबर्सच्या जॅझ रचनेतून कापलेले, ते फिरत राहतात. वेग मिनिटाला ८४ ठोक्यांच्या आसपास, ठोके कडक. कडव्यात आवाजाला टेकायला एकही गोड सुरावट नाही. परिणाम असा की नाझला थांबायला जागाच मिळत नाही. दोनच लांबलचक कडवी, आणि ती तो पाठलाग चुकवत पळणाऱ्या माणसासारखी म्हणतो. हुक गायलेला नाही. प्रीमियर रकीम या आधीच्या रॅपरच्या जुन्या रेकॉर्डमधले शब्द टर्नटेबलवर घासून वाजवतो. 'आवाज'च्या रकान्यात आम्ही लिहिलं: 'धापा, पण तोल सुटत नाही.'

दोन गाणी पुढे 'द वर्ल्ड इज युवर्स', पीट रॉकचं. पुन्हा पियानोच, पण अहमद जमालचा, वरच्या सप्तकातला, पावसाच्या थेंबांसारखा. हुकमध्ये पीट रॉक स्वतः प्रश्न विचारतो आणि नाझ उत्तर देतो, थेट शाहीर-झीलकऱ्यासारखं. तोच विशीतला पोरगा इथे सावकाश बोलतो, वाक्यांची टोकं गोल करतो, स्वप्नं सांगतो. पियानो दोन्हीकडे आहे. एकाने त्यातून पोराच्या मागे भीती लावली, दुसऱ्याने त्याच्या पुढे आभाळ मोकळं केलं.

'वन लव्ह'मध्ये क्यू-टिपने हीथ ब्रदर्सच्या रेकॉर्डमधलं आफ्रिकी बोटपियानोचं वाजणं घेतलं. गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं, आणि त्या टुणटुणाटामुळे नाझ समोर बसून पत्र वाचतोय असं होतं; रॅप करतोय हे विसरायला होतं. लार्ज प्रोफेसरने 'इट एन्ट हार्ड टू टेल'मध्ये मायकल जॅक्सनचं 'ह्युमन नेचर' घेतलं आणि तिथे नाझ फुशारकी मारतो, छाती काढून. एल.ई.एस. या पाचव्या प्रोड्युसरच्या गाण्याच्या शेवटी नाझचे वडील ओलू दारा कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) वाजवतात. त्या अल्बमवरची मला सर्वात आवडणारी मिनिटं तीच.

मी एवढा वेळ या एका अल्बमवर घालवला कारण ही तीन वेळा ऐकायची सवय इथे लागली की पुढे कुठेही चालते.

चौथी पायरी: वेग मोजा

फोनवर बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) मोजायचं कुठलंही फुकट ॲप घ्या, ठोक्याबरोबर बोट आपटा. मग थोडा हिशोब. एक बार म्हणजे चार ठोके. ९०च्या वेगात १६ बार म्हणजे ६४ ठोके, सुमारे ४३ सेकंद. ७५च्या वेगात तेच १६ बार ५१ सेकंद घेतात. म्हणजे प्रोड्युसरने वेग उतरवला की रॅपरला एका कडव्यात आठ सेकंद जादा मिळतात. त्या आठ सेकंदांत तो जास्त शब्द भरतो की शांतता ठेवतो, यावरून रॅपर कळतो. ट्रॅप या रॅपच्या प्रकारात फसगत होते ती अशी: ॲप १५० दाखवतं, पण मान ७५लाच हलते. वहीत दोन्ही लिहा.

पाचवी पायरी: आता अख्खा अल्बम

गाण्यांची तुलना जमली की अल्बम म्हणून ऐका: सलग, क्रम न बदलता, मध्ये व्हॉट्सॲप न उघडता. आता प्रश्न बदलतात. दोन गाण्यांच्या मध्ये काय आहे? पहिलं गाणं पुढच्या गाण्यांची कोणती सवय लावतं? शेवटी ऐकणारा कुठे पोचतो?

गिब्सच्या जोडीवर हे फार छान कळतं. मॅडलिबचे लूप (फिरत राहणारे तुकडे) खडबडीत, जुन्या रेकॉर्डची धूळ तशीच ठेवलेले. बीट मध्येच वळण घेते. 'बंडाना'च्या बीट त्याने आयपॅडवर केल्या, हे मी आमच्या पोरांना मुद्दाम सांगतो, कारण महागडं मशीन नाही म्हणून अडून बसलेले खूप आहेत. अशा उबडखाबड जमिनीवर गिब्सला स्वतःच तोल सांभाळावा लागतो, म्हणून त्याचा फ्लो, म्हणजे शब्द टाकायची लय, घट्ट होतो, शब्द जवळजवळ येतात. अल्केमिस्ट 'अल्फ्रेडो'मध्ये उलट करतो. ड्रम मागे नेतो, काही ठिकाणी जवळजवळ काढूनच टाकतो, गिटार आणि तंतुवाद्यांचे लांब लूप पसरून ठेवतो. दहा गाणी, ३५ मिनिटं. ताल आता गिब्सच्या तोंडात आहे, आणि म्हणून त्याचा आवाज मोठा आणि निवांत वाटतो. आमच्या पहिल्या भांडणाचं उत्तर हेच होतं: आरामखुर्ची अल्केमिस्टने टाकली होती.

एकच प्रोड्युसर असला की अल्बम एकजीव होतोच असं नाही. इथे मी उलटी परीक्षा सुचवतो. २०१८ च्या मे-जूनमध्ये कान्येने तीन आठवड्यांच्या अंतराने रॅपर पुशा टीचा 'डेटोना' आणि नाझचा 'नासिर' आणला. दोन्हींत सात-सात गाणी, प्रोड्युसर तोच. 'डेटोना' चाकूसारखा धारदार आहे. 'नासिर'मध्ये मला बीट एकीकडे आणि नाझ दुसरीकडे उभा दिसतो, पाहुण्याच्या घरात अवघडून बसल्यासारखा. म्हणजे थोर प्रोड्युसर आणि थोर रॅपर एकत्र आणले की काम झालं, असं होत नाही. हिट-बॉयची नाझवरची मेहनत त्यामुळेच जास्त कळते. त्याने स्वतःचा ठसा थोडा मागे घेतला, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला शोभेल अशी चाल दिली आणि पहिल्याच 'किंग्ज डिझीज'ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्या वर्षी स्पर्धेत 'अल्फ्रेडो'ही होता. दोन्ही लागोपाठ ऐका आणि तुम्ही कुणाला दिला असता ते कारणासकट लिहा. मी 'अल्फ्रेडो'ला दिला असता.

अनेक प्रोड्युसरचा अल्बम एकसंध होतो तेव्हा ते श्रेय बहुतेक रॅपरचंच असतं. 'इल्मॅटिक' पाच हातांतून गेला तरी फाटला नाही, कारण सांगायची गोष्ट एकाच पोराची आणि एकाच मोहल्ल्याची होती.

सहावी पायरी: आवाज सोलून दुसऱ्या बीटवर घाला

जे-झीने २००३ मध्ये 'द ब्लॅक अल्बम' काढला. त्यावर जस्ट ब्लेझ, कान्ये, नेपच्यून्स, टिंबालँड, रिक रुबिन, नाइन्थ वंडर असा मोठा फौजफाटा होता. नंतर त्याचा नुसत्या आवाजाचा, म्हणजे अकापेला अवतारही बाजारात आला. २००४ मध्ये डेंजर माउसने तो आवाज बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या अल्बममधल्या तुकड्यांवर बसवून 'द ग्रे अल्बम' केला. रेकॉर्ड कंपनीने कायदेशीर नोटिस काढली, तरी तो जगभर फिरला. आपल्या कामाची गोष्ट ही की शब्द आणि श्वासही तेच, आणि माणूस मात्र वेगळा भासतो. रिक रुबिनच्या दणकेबाज ड्रम-गिटारवरचं '९९ प्रॉब्लेम्स' आणि बीटल्सच्या गोंगाटावरचं तेच गाणं पाठोपाठ लावा.

हे घरी करता येतं. बँडलॅब फोनवर फुकट चालतं आणि त्यात गाण्यातून आवाज वेगळा काढायची सोय आहे. एक कडवं काढा, त्याचा बीपीएम लिहा, त्याच वेगाच्या दोन अगदी वेगळ्या बीटवर बसवा. पहिल्यांदा बसणार नाही. आवाज थोडा पुढे-मागे सरकवा. पहिल्या बारचा पहिला ठोका सापडला की बाकीचं आपोआप बसतं. हे फक्त शिकण्यासाठी करायचं, कुठे चढवायचं नाही.

सातवी पायरी: आपल्या भाषेतलं ऐका

प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७) सेझ ऑन द बीटने केला. 'तबिया' (२०२१) प्रभ दीपने स्वतः. पहिल्यात दिल्लीची गल्ली अंगावर येते, दुसऱ्यात तो स्वतःच्या आत उतरतो. बाहेरचा प्रोड्युसर गेल्यावर काय मिळालं आणि काय सुटलं, हे या जोडीवर नीट कळतं. मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटातल्या एमसी मवालीचं मराठी रॅप ऐका. मराठीत ट, ठ, ळ, ण असली टणक अक्षरं खूप. दाट हाय-हॅटखाली ती अक्षरं चेंगरतात. मराठीत रॅप करणाऱ्याच्या बीटमध्ये मधल्या-वरच्या पट्टीत जागा हवीच, असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडे तर तेलुगू, कन्नड, दखनी एका वाक्यात येतात. प्रत्येक भाषेचा ठोका वेगळा. सोलापूरच्या प्रोड्युसरला हा कान आयता मिळालेला आहे.

आठवी पायरी: स्वतःचा प्रोड्युसर निवडताना

वही भरली की हे सोपं होतं. तुमचे एकच १६ बार मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, बीटशिवाय रेकॉर्ड करा. वेग सांगा आणि तीन जणांना तीच फाइल द्या. कुणाला 'अमक्यासारखं कर' म्हणू नका. परत आलेल्या तिन्हींवर नव्याने आवाज द्या आणि मग तुलना करा. नव्याने द्यायचाच, कारण बीट ऐकून गळा काय करतो तेच तर बघायचंय.

व्यवहार आधी बोला. यूट्यूबवरची लीजवरची, म्हणजे भाड्याने दिलेली, बीट दुसऱ्या पन्नास जणांनीही घेतलेली असू शकते. आमच्यातल्या एकाने पैसे देऊन घेतलेली बीट महिन्याभरात दुसऱ्याच्या गाण्यात वाजली. 'एक्स्क्लुझिव्ह' हा शब्द त्याने लेखी घेतला नव्हता. किती पैसे, श्रेय कसं लिहायचं, कमाईत वाटा किती, हे निदान व्हॉट्सॲपवर तरी स्पष्ट लिहून घ्या. नुसती एमपीथ्री नको, प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल मागा, नाहीतर मिक्स करताना आवाजाला जागा करता येत नाही. जुनं सिनेगीत कापून वापरणार असाल तर परवानग्या दोन लागतात: रेकॉर्डिंगची आणि रचनेची. डीजे क्विकने २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्सच्या 'ॲडिक्टिव्ह'साठी 'ज्योती' सिनेमातलं लताबाईंचं गाणं घेतलं, आणि बप्पी लाहिरींच्या श्रेयावरून प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं.

मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका पोराने ही परीक्षा केली. त्याची आई विडी घरकुल वसाहतीत बिड्या वळते, हजारामागे मजुरी. त्यावर त्याने १६ बार लिहिले होते. पहिली बीट आली ती कडक, जुन्या न्यूयॉर्कच्या वळणाची. त्यावर तो भांडणाऱ्यासारखा ओरडला. दुसरी संथ, खोल बेसची. त्यावर तो फुशारला, आईचं दुःख मिरवल्यासारखं झालं, आणि ते त्याला स्वतःलाच आवडलं नाही. तिसरी आमच्याच गल्लीतल्या पोराने केली. तो त्याच्या घरी जाऊन बसला होता. विडीचं पान कापणाऱ्या कात्रीचा आवाज त्याने फोनवर घेतला आणि पहिल्या चार बारांत तेवढाच ठेवला. ड्रम नाही, बेस नाही. पोराने आवाज दिला तो अगदी हळू, आणि तिसऱ्या बारमध्ये 'आई' लिहिलं होतं तिथे तोंडातून 'अम्मा' निघालं. कुणी थांबवलं नाही. वही माझ्याकडे होती. 'आवाज'च्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: 'घरातला.'